पीएल-३००: पॉवर बीआयच्या परीक्षेला पहिल्यांदा बसताना

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप सहज करणाऱ्या माणसाला कधीतरी कोणीतरी सांगतं, ‘पॉवर बीआय शिकून घे, सर्टिफिकेट काढ.’ पॉवर बीआय म्हणजे डेटावरून रिपोर्ट आणि चार्ट करण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन. मग तो व्हिडिओंची लांबलचक मालिका लावतो, कुठून तरी दोनशे प्रश्नांचा संच मिळवतो, आणि महिन्याभरात कोणतं बटण कुठल्या टॅबवर आहे हे त्याला तोंडपाठ होतं. पीएल-३०० या त्याच्या परीक्षेत बटण क्वचितच विचारतात. तिथे प्रश्न असा येतो: डेटा एवढा मोठा आहे, दर पंधरा मिनिटांनी बदलतो, आणि पाहणाऱ्याला फक्त आपल्या विभागाचे आकडे दिसायला हवेत; तर काय निवडाल? चारही पर्याय पॉवर बीआयमध्ये खरोखर असतात. एरवी त्यातले दोन-तीन चालूनही जातील. दिलेल्या अटींत बसणारा मात्र एकच असतो.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा इथेच आपटलो. तयारी पुष्कळ होती, पण ती ‘हे कसं करायचं’ याची होती. ‘हेच का आणि ते का नाही’ याची नव्हती. दुसऱ्या वेळी अभ्यासाची पद्धत बदलली आणि सुटलो. तीच पद्धत इथे क्रमाने मांडतो.

परीक्षा नक्की कोणती

बिझनेस इंटेलिजन्सच्या, म्हणजे डेटावरून धंद्याचे निर्णय घ्यायला मदत करण्याच्या, क्षेत्रात जवळजवळ प्रत्येक मोठ्या साधनाची स्वतःची परीक्षा असते. टॅब्लोची आहे, क्लिकची आहे. मायक्रोसॉफ्टची या कामासाठीची परीक्षा म्हणजे पीएल-३००, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र ‘पॉवर बीआय डेटा अ‍ॅनालिस्ट असोसिएट’ या नावाचं. कामावर जे साधन वापरता किंवा वापरायला मिळेल असं दिसतं, त्याचीच परीक्षा द्या. रोज टॅब्लोवर काम करणाऱ्याने पीएल-३०० देण्यात फारसा अर्थ नाही. पुढचं सगळं पीएल-३०० बद्दल आहे, पण अभ्यासाची रीत दुसऱ्या साधनालाही लागू पडते.

या परीक्षेचं नाव आधी डीए-१०० होतं, त्याच्याही आधी ७०-७७८. पीएल-३०० आली २०२२ मध्ये. हा इतिहास पाठ करायचा नाही. जुनं अभ्याससाहित्य ओळखायला मात्र तो उपयोगी पडतो. एखाद्या व्हिडिओत ‘डेटासेट’ हा शब्द सतत येत असेल तर तो २०२३ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण त्या वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने डेटासेटचं (रिपोर्टमागच्या जोडलेल्या तक्त्यांच्या संचाचं) नाव ‘सिमॅंटिक मॉडेल’ केलं. गोष्ट तीच, पण प्रश्नपत्रिकेत नवं नाव येतं आणि गोंधळ उडतो.

बसण्यासाठी आधीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असावी लागत नाही. मात्र आजवर एकही रिपोर्ट केलेला नसेल तर तारीख घेण्याची घाई नको.

आधी अभ्यासक्रम, मग व्हिडिओ

मायक्रोसॉफ्ट लर्न या मायक्रोसॉफ्टच्या शिकवणीच्या संकेतस्थळावर या परीक्षेची ‘स्टडी गाइड’ मोफत मिळते. पहिल्या दिवशी तीच उघडा. अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो, म्हणून वर कोणत्या तारखेपासूनचा मजकूर आहे हे बघून घ्या. चार भाग आहेत. डेटा तयार करणं, मॉडेल बांधणं (म्हणजे तक्ते एकमेकांशी जोडणं), आणि मांडणी व विश्लेषण, या तिघांना प्रत्येकी २५ ते ३० टक्के. पॉवर बीआयचं व्यवस्थापन आणि सुरक्षितता याला १५ ते २० टक्के.

बहुतेक नवशिक्यांचा वेळ तिसऱ्या भागावर जातो, कारण रंगीत चार्ट करायला मजा येते. गुण जातात ते दुसऱ्या आणि चौथ्या भागात. दुसरा अवघड असतो म्हणून, आणि चौथा एकट्याने सराव करायला मिळत नाही म्हणून.

स्टडी गाइडमधली प्रत्येक ओळ एका तक्त्यात उतरवून घ्या. शेजारी तीनच शेरे ठेवा: ‘केलं आहे’, ‘पाहिलं आहे’, ‘नाव ऐकलं आहे’. ‘पाहिलं आहे’ हा शेरा फसवा असतो. दुसऱ्याला करताना पाहिलेली गोष्ट आपल्याला येते असं वाटत राहतं, आणि परीक्षेत नेमकी तीच हात दाखवते. तयारी संपण्याआधी हे सगळे शेरे ‘केलं आहे’मध्ये गेले पाहिजेत.

वेळेचं म्हणाल तर, एक्सेलचा हात बसलेल्या माणसाला रोज तासभर आणि सुट्टीच्या दिवशी थोडं जास्त, असे आठ ते दहा आठवडे पुरावेत असा माझा अंदाज. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येत असेल तर थोडे कमी.

यंत्र आणि खातं

पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. मॅक असेल तर त्यावर आभासी विंडोज चालवावं लागतं किंवा दुसरा संगणक शोधावा लागतो.

दुसरी अडचण पॉवर बीआय सर्व्हिसची, म्हणजे रिपोर्ट प्रकाशित करतो त्या ऑनलाइन भागाची. जीमेलसारख्या वैयक्तिक पत्त्याने तिथे खातं उघडता येत नाही. कामाचा किंवा शिक्षणसंस्थेचा ईमेल लागतो. ऑफिसचा पत्ता वापरायचा असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. काहीच जमलं नाही तर बराचसा अभ्यास डेस्कटॉपवर होतो, पण वर्कस्पेस (रिपोर्ट ठेवायची सामायिक जागा), अ‍ॅप, गेटवे (संस्थेच्या आतल्या डेटाशी जोडणारा दुवा) ही प्रकरणं नुसती वाचून लक्षात ठेवावी लागतात. ते शक्य आहे, पण कंटाळवाणं आहे.

सरावासाठी मळलेला डेटा घ्या

शिकवणीत नेहमी अ‍ॅडव्हेंचरवर्क्स किंवा कॉन्टोसो हे मायक्रोसॉफ्टचे नमुना डेटा वापरतात. मॉडेलिंगसाठी ते छान आहेत, पण त्यांत घाण फारशी नसते, आणि डेटा तयार करण्याचा भाग म्हणजे तर घाण काढण्याचंच काम. त्यासाठी जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून देशनिहाय लोकसंख्येची सीएसव्ही फाइल उतरवून घ्या. मोफत आहे, आणि या एका फाइलमध्ये अर्धा अभ्यासक्रम दडलेला आहे.

फाइल उघडलीत की वरच्या काही ओळी डेटाच्या नसतातच; स्रोताचं नाव आणि अद्ययावत केल्याची तारीख तिथे असते. त्या काढून मग शीर्षकाची ओळ वर चढवायची. नंतर दिसतं की १९६० पासूनचं प्रत्येक वर्ष हा एक वेगळा कॉलम आहे. विश्लेषणाला हे आडवं रूप नको, उभं हवं, म्हणून अनपिव्हट, म्हणजे कॉलम फिरवून ओळी करणं. इथे पहिली निवड करावी लागते. वर्षांचे कॉलम निवडून ‘फक्त निवडलेले अनपिव्हट करा’ म्हटलं, तर पुढच्या वर्षीचा नवा कॉलम तसाच आडवा राहील. देशाचे कॉलम निवडून ‘बाकीचे अनपिव्हट करा’ म्हटलं, तर येईल तो नवा कॉलम आपोआप आत जाईल. प्रश्नात ‘भविष्यात आणखी कॉलम येतील’ असं वाक्य दिसलं की उत्तर तिथेच ठरतं.

आणखी एक खाच आहे. सीएसव्ही जोडताना पॉवर क्वेरी (पॉवर बीआयमधला डेटा आणून स्वच्छ करण्याचा भाग) पहिल्या पायरीच्या सूत्रात कॉलमची संख्या लिहून ठेवते. पुढच्या वर्षी एक कॉलम वाढला की तो गुपचूप गळतो. एररही येत नाही. सूत्रातून ती संख्या काढून टाकली की सहसा प्रश्न मिटतो. हे मला परीक्षेच्या अभ्यासात कळलं नाही, कामात तोंडघशी पडल्यावर कळलं.

उभं केल्यावर कॉलम प्रोफाइल बघा. रिकाम्या जागा किती, वेगळी मूल्यं किती, सगळं दिसतं. मात्र ही तपासणी मुळात पहिल्या १००० ओळींवरच होते. एका देशाच्या साठ-पासष्ट ओळी धरल्या तर १००० ओळी म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा देश. तेवढ्यावरून ‘डेटा स्वच्छ आहे’ म्हणणं धाडसाचं. खालच्या पट्टीवर टिचकी मारून ती संपूर्ण डेटावर करता येते, आणि परीक्षेला हा तपशील आवडतो.

आता सगळ्या देशांची एका वर्षाची बेरीज करून बघा. जगाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आकडा येईल. कारण ‘देश’ या कॉलममध्ये दक्षिण आशिया, उच्च उत्पन्न गट आणि खुद्द ‘जग’ हेही बसले आहेत. त्यांना वेगळं काढायला सोबतची देशांच्या माहितीची फाइल मदतीला येते. त्यात खऱ्या देशापुढे विभागाचं नाव असतं, गटांपुढे ते रिकामं. देशाच्या कोडवरून दोन्ही मर्ज करा, विभाग रिकामा असलेल्या ओळी काढा. मर्ज म्हणजे शेजारी जोडणं, अपेंड म्हणजे खाली जोडणं, हा फरक एकदा हाताने केला की विसरत नाही. मर्ज करताना जॉइनचे सहा प्रकार दिसतील. सहाही करून बघा. विशेषतः लेफ्ट अँटी, म्हणजे ‘डावीकडे आहेत पण उजवीकडे सापडत नाहीत’ अशा ओळी. ‘ज्यांनी एकही खरेदी केली नाही असे ग्राहक’ असा प्रश्न आला की हाच.

पॉवर क्वेरीतून निघण्याआधी डुप्लिकेट आणि रेफरन्स यांतला फरक बघून घ्या. डुप्लिकेट क्वेरी स्वतंत्र होते. रेफरन्स मूळ क्वेरीच्या निकालावर उभी राहते, त्यामुळे मूळ बदललं की तीही बदलते.

मॉडेल: इथे रेंगाळा

मॉडेलिंगचा गाभा म्हणजे स्टार स्कीमा. मधोमध घटनांचा मोठा तक्ता, म्हणजे फॅक्ट: विक्री, नोंदी, व्यवहार. भोवती त्या घटनांचं वर्णन करणारे छोटे तक्ते, म्हणजे डायमेन्शन: ग्राहक, वस्तू, तारीख, ठिकाण. फिल्टर डायमेन्शनकडून फॅक्टकडे वाहतो, एकाकडून अनेकांकडे, एकाच दिशेने. एक्सेलहून आलेल्या माणसाला सगळं एका रुंद तक्त्यात कोंबायची सवय असते. ती सोडणं हे या परीक्षेतलं सर्वांत मोठं काम आहे असं मी म्हणेन.

‘आकडे जुळत नाहीत’ असा प्रश्न आला की पर्यायांत रिलेशनशिपची, म्हणजे दोन तक्त्यांमधल्या जोडणीची, दिशा ‘दोन्हीकडे’ करण्याचा एक पर्याय हमखास असतो. क्वचित तो बरोबर असतो. बहुतेक वेळा ती पळवाट असते: वेग कमी होतो, आणि दोन तक्त्यांमध्ये एकाहून जास्त वाटा तयार झाल्या तर फिल्टर कुठून वाहतोय हेच कळेनासं होतं. मी स्वतःला घातलेला नियम असा होता की ‘दोन्हीकडे’ला हात लावण्याआधी उरलेले तीन पर्याय खोडून दाखवायचे.

अ‍ॅडव्हेंचरवर्क्सच्या ऑनलाइन विक्रीच्या तक्त्यात ऑर्डरची, देय आणि पाठवल्याची अशा तीन तारखा आहेत. तारखेचं डायमेन्शन मात्र एकच. तिन्ही जोडता येतात, पण चालू एकच राहते. बाकीच्या दोन तुटक रेषेने दिसतात. ‘पाठवल्याच्या तारखेनुसार विक्री’ हवी असेल तर मेजरमध्ये (आकडा काढायच्या सूत्रात) कॅल्क्युलेट या फंक्शनच्या आत यूजरिलेशनशिप हे फंक्शन वापरून ती तुटक रेष तेवढ्यापुरती जागी करायची. दुसरा मार्ग म्हणजे तारखेच्या तक्त्याची आणखी एक प्रत. पहिल्याने मॉडेल आटोपशीर राहतं, पण प्रत्येक आकड्यासाठी वेगळा मेजर लिहावा लागतो. दुसऱ्याने एकाच चार्टवर दोन्ही तारखांचे फिल्टर लावता येतात. प्रश्नातली अट कोणती आहे ते बघून ठरवायचं.

स्टोरेज मोडचंही तसंच. इम्पोर्टमध्ये डेटा मॉडेलमध्ये येऊन बसतो, वेग उत्तम. डायरेक्टक्वेरीत तो मूळ ठिकाणीच राहतो आणि प्रत्येक क्लिकला तिथे विचारणा जाते. ड्युअल प्रसंगानुसार दोन्हीसारखा वागतो. सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत जाऊ: दर पंधरा मिनिटांनी ताजा डेटा म्हणजे दिवसाला ९६ वेळा. प्रो परवान्यात इम्पोर्ट मॉडेलचं ठरलेलं रीफ्रेश दिवसाला ८ वेळा, प्रीमियमवर ४८ वेळा. दोन्हीत बसत नाही, म्हणून उत्तर डायरेक्टक्वेरीकडे झुकतं. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत असे आहेत.

डॅक्स

डॅक्स ही पॉवर बीआयमधली सूत्रं लिहायची भाषा. तिची फंक्शनं शेकड्यांनी आहेत. पाठ करू नका. वीस-पंचवीस पुरतात, पण ती ज्या दोन कल्पनांवर उभी आहेत त्या पक्क्या हव्यात: रो कॉन्टेक्स्ट आणि फिल्टर कॉन्टेक्स्ट.

तीन ओळींचा तक्ता घ्या. पहिल्या ओळीत नग २, दर १००. दुसरीत नग ५, दर ४०. तिसरीत नग १, दर ३००. एकूण विक्री किती? नगांची बेरीज ८, दरांची बेरीज ४४०, गुणाकार ३५२०. हे उघडच चूक. समएक्स हे फंक्शन प्रत्येक ओळीवर थांबतं, तिथला गुणाकार करतं, मग बेरीज: २००, २०० आणि ३००, मिळून ७००. ओळीओळीने चालणं म्हणजे रो कॉन्टेक्स्ट. असा तक्ता खरंच ‘एन्टर डेटा’मधून तयार करा आणि दोन्ही मेजर शेजारी ठेवा. वाचून हे समजल्यासारखं वाटतं. आकडे समोर दिसले की समजतं.

फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणजे तो आकडा ज्या चौकटीत मोजला जातोय ती चौकट: मॅट्रिक्समधली (पिव्होट टेबलसारख्या तक्त्यातली) ओळ, कॉलम, स्लायसर, पानावरचा फिल्टर, सगळं मिळून. कॅल्क्युलेटचं काम ही चौकट बदलणं. ‘लाल वस्तूंची विक्री’ असा मेजर लिहा, कॅल्क्युलेटमध्ये रंग बरोबर लाल अशी अट घालून. आता मॅट्रिक्समध्ये ओळींवर रंग ठेवा. निळ्यासमोर काय येईल? बहुतेक जण रिकामं म्हणतात. येतो लालचाच आकडा, प्रत्येक ओळीत तोच. कारण कॅल्क्युलेटमधली साधी अट त्या कॉलमवरचा आधीचा फिल्टर काढून स्वतः बसते. आधीचाही राहू द्यायचा असेल तर कीपफिल्टर्स हे फंक्शन. मग आकडा फक्त लालच्या ओळीत दिसतो. हे एवढं ज्याला नीट सांगता येतं त्याला डॅक्सचे निम्मे प्रश्न जड जात नाहीत.

याच धाग्यावर ऑल आणि ऑलसिलेक्टेड ही फंक्शनं. ‘एकूणातला टक्का’ काढताना छेदात ऑल लावलं तर स्लायसरने तीनच विभाग निवडले तरी भागाकार सगळ्या विभागांच्या बेरजेने होतो. ऑलसिलेक्टेड लावलं तर निवडलेल्या तिघांची बेरीज १०० टक्के धरली जाते. दोन्ही बरोबर आहेत. प्रश्न काय विचारतोय त्यावर ठरतं.

लोकसंख्येच्या फाइलवर आणखी एक सराव करा. देशांची बेरीज चालते, वर्षांची चालत नाही. दहा वर्षांची लोकसंख्या एकत्र मिळवून काहीच अर्थ निघत नाही. निवडलेल्या काळातलं शेवटचं वर्ष घ्यावं लागतं. गोदामातला साठा, बँकेतली शिल्लक या प्रश्नांचं दुखणं हेच.

वेळेची फंक्शनं, उदाहरणार्थ वर्षारंभापासूनची बेरीज किंवा मागच्या वर्षाचा हाच काळ, चालवायला सलग तारखांचा तक्ता हवा, मधला एकही दिवस न गाळलेला. त्याला डेट टेबल म्हणून खूण करायला विसरू नका. बाकी सराव करताना सुचेल.

मांडणी

हा भाग मी झटकन संपवतो, कारण तो हाताने खेळून येतो. ड्रिलथ्रू (एका आकड्यावरून त्याच्या तपशिलाच्या पानावर जाणं), टूलटिपचं पान (माउस नेल्यावर उघडणारं छोटं पान), बुकमार्क (पानाची एक स्थिती जपून ठेवणं), स्लायसर सिंक करणं, एका चार्टच्या क्लिकने दुसऱ्याने काय करावं हे ठरवणं, अटीनुसार रंग; प्रत्येक एकदा करून बघा. कुठला चार्ट कशासाठी याचे प्रश्न साधारण सोपे असतात. दृष्टी अधू असलेल्यांसाठी पर्यायी मजकूर आणि टॅबचा क्रम या गोष्टी लोक सोडून देतात. त्यांवर प्रश्न येऊ शकतात. रिपोर्ट हळू चालत असेल तर परफॉर्मन्स अ‍ॅनलायझर कुठला व्हिज्युअल किती वेळ खातो ते दाखवतो. आणि रिपोर्ट वेगळा, डॅशबोर्ड वेगळा: डॅशबोर्ड फक्त सर्व्हिसमध्ये होतो, एकाच पानाचा असतो. बोलताना आपण सगळ्यालाच डॅशबोर्ड म्हणतो, परीक्षा तसं म्हणत नाही.

व्यवस्थापन आणि सुरक्षितता

वर्कस्पेसमधल्या भूमिका चार: अ‍ॅडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर, व्ह्यूअर. कोण काय करू शकतो याचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहा. प्रश्नात ‘कमीत कमी अधिकार देऊन’ हे शब्द आले की काम भागवणारी सर्वांत खालची भूमिका शोधायची. वरची दिली तरी काम होईल, पण उत्तर चुकेल.

रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ज्याला त्याला आपल्याच ओळी दिसाव्यात याची सोय, हा आवडता विषय. डेस्कटॉपमध्ये भूमिका करायची, त्यात डॅक्सची अट लिहायची, ‘व्ह्यू अ‍ॅज’ने तपासायची, सर्व्हिसमध्ये त्या भूमिकेत माणसं घालायची. शंभर विभागांसाठी शंभर भूमिका करत बसू नका. यूझरप्रिन्सिपलनेम हे फंक्शन वापरून लॉगिन केलेल्याच्या ईमेलवरून एकाच भूमिकेत भागतं. आता सापळा: भूमिका बरोबर आहे, अट बरोबर आहे, तरी एका व्यवस्थापकाला सगळा डेटा दिसतोय, का? बहुधा त्याला वर्कस्पेसमध्ये मेंबर किंवा कॉन्ट्रिब्युटर केलेलं असतं. ही बंधनं वर्कस्पेसमधल्या व्ह्यूअरलाच लागतात. वरच्या तिघांना लागत नाहीत.

गेटवे कधी लागतो? डेटा संस्थेच्या आतल्या सर्व्हरवर असेल तेव्हा. वैयक्तिक गेटवे एकट्याच्या कामाचा आणि डायरेक्टक्वेरीला चालत नाही. अनेकांनी वापरायचा असेल तर स्टँडर्ड.

चुकांची वही

शेवटच्या तीन आठवड्यांत मायक्रोसॉफ्ट लर्नवरची मोफत सराव चाचणी सुरू करा. प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण आणि वाचायची लिंक असते. बरोबर उत्तराला टिक करून पुढे जाऊ नका. चुकलेल्या प्रश्नासाठी वहीत एकच गोष्ट लिहा: प्रश्नातल्या कोणत्या शब्दाने बाकीचे तीन पर्याय बाद झाले. ‘मॉडेलचा आकार कमीत कमी’, ‘प्रशासकीय खटाटोप कमीत कमी’, ‘भविष्यात नवे कॉलम’, ‘मूळ क्वेरीला हात न लावता’, असे शब्द गोळा होऊ लागतील. तीस-चाळीस नोंदी झाल्या की प्रश्न वाचतानाच डोळा त्या शब्दावर थांबतो. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात खरा फरक या वहीने पडला. चाचणीत सलग दोनदा ८० टक्क्यांच्या वर गेलात की तारीख घ्या.

‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून विकले जाणारे संच टाळा. नीतीचं सोडा, परीक्षेआधी गोपनीयतेच्या अटी मान्य कराव्या लागतात आणि असा प्रकार उघड झाला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, आणि चुकीचं उत्तर पाठ झालं की ते पुसणं महाकठीण.

नोंदणी

परीक्षा पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, केंद्रावर किंवा घरून. नोंदणीआधी प्रोफाइलमधलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी ताडून बघा. जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात. तारीख बदलायची झाली तर शेवटचे २४ तास उरण्याआधी बदला, नाहीतर शुल्क बुडतं.

परीक्षा मराठीत नाही. पण आपल्या पसंतीच्या भाषेत परीक्षा नसेल तर ३० मिनिटं जादा मागता येतात. ही मागणी तारीख घेण्याआधी करावी लागते. इंग्रजी चांगलं असलं तरी मागून ठेवावी असं मला वाटतं. लांब केस स्टडी (एका संस्थेची परिस्थिती सांगून तिच्यावर विचारलेले प्रश्न) वाचताना ती मिनिटं सोन्यासारखी वाटतात.

घरून देणार असाल तर प्रणालीची तपासणी आदल्या दिवशी त्याच संगणकावर, त्याच नेटवर करा. टेबल मोकळं, दुसरा मॉनिटर बंद, फोन हाताला न लागेल असा. कागद-पेन चालत नाही. पडद्यावरच्या फळ्यावर लिहावं लागतं. पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा, पर्यवेक्षक हटकतात. घरात शांतता मिळण्याची खात्री नसेल तर सरळ केंद्रावर जा.

त्या दिवशी

१०० मिनिटं, साधारण ४० ते ६० प्रश्न. उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७००. हे गुण मोजपट्टीवर बसवलेले असतात, त्यामुळे ७०० म्हणजे ७० टक्के प्रश्न बरोबर असा हिशेब करू नका. चुकीला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचा, मग वरची गोष्ट. केस स्टडीचा भाग एकदा सोडला की परत जाता येत नाही. ‘या उपायाने उद्दिष्ट साधतं का, हो की नाही’ अशी एकाच प्रसंगावरची साखळी येते, तिथेही मागे फिरता येत नाही. मध्ये उठता येतं, पण घड्याळ थांबत नाही, आणि उठण्याआधी पाहिलेले प्रश्न नंतर उघडत नाहीत. म्हणून उठायचंच असेल तर खुणा केलेले प्रश्न आधी निकालात काढा.

२०२३ पासून या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून बघायची मुभा आहे. ऐकून हायसं वाटतं, पण त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. नेमकं काय शोधायचं हे माहीत असेल, जसं एखाद्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटचा क्रम किंवा एखादी मर्यादा, तरच उघडा. तीन-चार प्रश्नांपलीकडे तो आधार परवडत नाही.

निकालानंतर

निकाल संपल्या संपल्या कळतो. सोबत कोणत्या भागात किती जमलं याच्या पट्ट्या येतात. नापास झालात तर त्या पट्ट्या जपून ठेवा, पुढचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. पहिल्या प्रयत्नानंतर २४ तासांनी पुन्हा बसता येतं, त्यापुढच्या प्रत्येक प्रयत्नाआधी १४ दिवस थांबावं लागतं, आणि वर्षात जास्तीत जास्त पाच प्रयत्न. २४ तासांनी बसता येतं म्हणून बसू नका. एका दिवसात फक्त चीड वाढते.

उत्तीर्ण झालात तर प्रमाणपत्र एक वर्ष टिकतं. मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपासून मायक्रोसॉफ्ट लर्नवर नूतनीकरणाची छोटी चाचणी खुली होते: मोफत, घरबसल्या, पर्यवेक्षकाविना, आणि नाही जमली तर पुन्हा देता येते. मुदत उलटली की मात्र मूळ परीक्षा शुल्क भरून पहिल्यापासून द्यावी लागते. ज्या दिवशी उत्तीर्ण व्हाल त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरची एक आठवण टाकून ठेवा.